बिलाच्या खिडकीशेजारची खोली: दादाच्या हार्ट फेल्युअरचे सहा महिने

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, १६ जानेवारी २०२५ ला पुण्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. तिथून जूनअखेरपर्यंत जे झालं ते क्रमाने लिहितेय. आजाराबद्दल डॉक्टर सांगतीलच. मला लिहायचंय ते हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय समाजसेविकेबद्दल. अशी कुणी व्यक्ती तिथे असते हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. ज्यांच्या घरी हा आजार नुकताच आलाय, त्यांनी बिल हातात पडायची वाट न बघता पहिल्या दिवशीच त्या खोलीत जावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दादा एकोणपन्नास वर्षांचा. भोर तालुक्यात राहतो, स्वतःचा टेम्पो चालवतो, भाजीपाला आणि मिळेल तो माल पुण्याला पोचवतो. घरी आई, वहिनी, दहावीतली पुतणी आणि सातवीतला पुतण्या. मी पुण्यात एका पतसंस्थेत नोकरीला आहे. डिसेंबरपासून त्याला दम लागत होता. आधी चढावर, मग सपाटीला चालताना, मग नुसतं आडवं झालं तरी. रात्री पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या डोळा लावायचा. पाय सुजून चप्पल होईना. जवळच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं, नंतर ॲसिडिटीचं. संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी पहाटे वहिनीचा फोन आला, की बोलताना त्याचं वाक्य पुरं होत नाहीये.

तातडीच्या विभागात ऑक्सिजन लावला, अंगातलं पाणी कमी करायची इंजेक्शनं दिली, ईसीजी, एक्स-रे आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. इजेक्शन फ्रॅक्शन २५ टक्के. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकललं जातं, त्याचा तो आकडा. निरोगी माणसात तो साठच्या आसपास असतो. पाय का सुजले, आडवं झाल्यावर श्वास का कोंडतो, हे तेव्हा कळलं. हार्ट फेल्युअर म्हणजे हेच: हृदय पुरेसं पंप करत नाही, मागे पाणी साठत जातं आणि ते फुप्फुसात नि पायात उतरतं.

काउंटरवर तीस हजार डिपॉझिट सांगितलं. माझ्या खात्यातून दहा हजार भरले, बाकीचे संध्याकाळपर्यंत भरते म्हणाले आणि दोन मैत्रिणींना फोन लावले. दुपारी आयसीयूबाहेर एका सिस्टरने विचारलं, "रेशनकार्ड कुठलं आहे तुमचं?" मी म्हटलं, माझं नाही, दादाचं केशरी आहे. "मग बाकीचे पैसे भरू नका लगेच. उद्या सकाळी एमएसडब्ल्यू मॅडमना, म्हणजे इथल्या समाजसेविकांना, भेटा. बिलाच्या खिडकीशेजारची खोली."

शुक्रवार, १७ जानेवारी

खोली लहान. एक टेबल, फायलींनी भरलेलं कपाट, भिंतीवर निर्धन आणि दुर्बल घटकातील रुग्णांसाठीच्या योजनेचा फलक. बाहेरच्या बाकावर माझ्याआधी बरेच जण होते. तासाभराने नंबर लागला. मॅडम पस्तिशीच्या असतील. कागद मागतील म्हणून मी पिशवी उघडून बसले होते, पण त्यांनी आधी विचारलं, "ताई, रात्री इथे कोण थांबलं होतं? जेवलात का काही?" मग घरी किती माणसं, कमावणारे किती, शेत आहे का, कर्ज आहे का, टेम्पो स्वतःचा की हप्त्यावर, दादाला तंबाखू-दारूची सवय, मुलं कितवीला, दवाखान्यात थांबायला आळीपाळीने कोण येऊ शकतं. हे सगळं त्या एका फॉर्मवर लिहून घेत होत्या. मला तेव्हा वाटलं, सवलतीसाठी एवढी चौकशी कशाला? पुढे मार्चमध्ये याच फॉर्ममधली एक ओळ कामाला आली.

योजना त्यांनी सोप्या शब्दांत समजावली. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात कलम ४१ कक आहे. त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेली योजना २००६ पासून लागू आहे. धर्मादाय हॉस्पिटलने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकासाठी सवलतीत ठेवायच्या. त्याचा खर्च भागवायला हॉस्पिटल इतर रुग्णांच्या बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतं. आम्ही अर्ज केला तेव्हा निर्धनसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० रुपये होती आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,०००. मर्यादा याआधीही बदलल्या आहेत, म्हणून आपण जाऊ त्या दिवशीचा आकडा फलकावर बघावा. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही त्याच योजनेत आहे. मॅडमनी फोन उचलला, काउंटरला दादाचा नोंदणी क्रमांक सांगितला आणि उरलेल्या वीस हजारांचा विषय तिथेच थांबला. माझ्या छातीवरचं ओझं त्या फोनने उतरलं.

कागद हे लागले: रेशनकार्डच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांनी सही केलेलं खर्चाचं अंदाजपत्रक, आणि वैद्यकीय संचालकांच्या नावे अर्ज. अर्ज त्यांनीच सांगत सांगत माझ्याकडून लिहून घेतला. दाखला सोडून बाकी सगळं संध्याकाळपर्यंत जमलं. पुतणीच्या शाळेसाठी काढलेला एक दाखला घरात होता, पण त्यावर "३१ मार्च २०२४ पर्यंत ग्राह्य" असं छापलेलं. चालणार नव्हता. मॅडमनी दादा दाखल असल्याचं हॉस्पिटलचं पत्र दिलं, दाखला आणून देण्याची माझ्याकडून लेखी हमी घेतली आणि तात्पुरती नोंद केली. या पत्राची एक जास्तीची प्रत मागून घ्या. मला ती तलाठ्यांकडेही लागली आणि माझ्या ऑफिसात रजेसाठीही.

शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद. सोमवारी पहिल्या एसटीने स्वारगेटहून भोरला गेले. तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, मग महा ई-सेवा केंद्रातून 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज. हेतूच्या रकान्यात "वैद्यकीय कारण" आवर्जून लिहायला सांगा. हॉस्पिटलचं पत्र जोडलं होतं, त्यामुळे दाखला गुरुवारी, २३ तारखेला हातात आला. एरवी पंधरा दिवसांची मुदत असते. त्यावर उत्पन्न १,४४,००० रुपये. दादाचं नाव आधारवर पूर्ण आणि रेशनकार्डावर घरगुती नाव, असा घोळ होता. मॅडमनी आदल्या शुक्रवारीच झेरॉक्स बघताना तो पकडला होता आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र जोडायला सांगितलं होतं. हे तहसीलला पोचल्यावर कळलं असतं तर आणखी आठवडा गेला असता.

दरम्यान मंगळवारी अँजिओग्राफी झाली. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. आम्हाला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, स्टेंट टाकून सुधारण्यासारखं इथे काही नाही, हृदयाचा स्नायूच ताणला जाऊन अशक्त झालाय. डायलेटेड कार्डिओमायोपथी. उपचार म्हणजे गोळ्या. त्या हळूहळू वाढवत न्यायच्या, निदान तीन महिने नीट घ्यायच्या आणि मग पुन्हा इको. तेव्हाही आकडा ३५ च्या वर गेला नाही, तर ठोके अचानक बिघडल्यास शॉक देऊन जीव वाचवणारं आयसीडी यंत्र छातीत बसवायचा विचार करावा लागेल. त्याची किंमत काही लाखांत.

ऑपरेशन नसलेल्या आजाराचा खर्च

शनिवार, २५ जानेवारीला घरी सोडलं. बिल एक लाखाच्या थोडं वर गेलं होतं, ते निर्धन रुग्णांच्या निधीतून भागलं. अर्ज व्हायच्या आधी औषध दुकानातून रोखीने आणलेल्या औषधांचे ८,४०० रुपये परत मिळाले नाहीत. दहा हजारांचं डिपॉझिट फेब्रुवारीत खात्यावर जमा झालं, त्याला रद्द केलेला चेक आणि मूळ पावती लागली. ती पावती फायलीत सगळ्यात वर ठेवा. उत्पन्न थोडं जास्त भरून आम्ही दुर्बल घटकात गेलो असतो तर हिशोब वेगळा झाला असता. त्यात बिल सगळ्यात खालच्या वर्गाच्या दराने लावतात, आणि औषधं नि साहित्य यांच्या खर्चाचा निदान निम्मा भाग रुग्णाला भरावा लागतो.

बिल मिटल्याच्या आनंदात आम्ही सामान भरत होतो, तेवढ्यात मॅडम वॉर्डात आल्या. त्यांनी डिस्चार्जचा कागद मागितला, औषधांच्या यादीवर पेन ठेवला आणि विचारलं, "याचे महिन्याचे किती होतात, बघितलंत का?" आम्ही बघितलं नव्हतं. समोरच्या दुकानात विचारलं तर ३,८०० रुपये. दादाची सगळी कमाई महिना बारा हजार, तीही टेम्पो चालला तर. आणि टेम्पो आता उभा.

तेव्हा मला या आजाराची खरी अडचण कळली. आम्ही ऐकलेल्या बहुतेक योजना आणि निधी ऑपरेशनला किंवा दाखल झालेल्या पेशंटला मदत करतात. एकदाचा मोठा आकडा असला की देणारे सापडतात. हार्ट फेल्युअरमध्ये मोठा आकडा अधूनमधून येतो, लहान आकडा दर महिन्याला येतो आणि तो चुकला की पुन्हा मोठा येतो. महिन्याच्या गोळ्यांसाठी कुणाच्या दारात जायचं?

मॅडमनी डॉक्टरांना भेटून यादीतल्या औषधांची मूळ नावं लिहून घेतली. त्यांनी सांगितलं की या आजारात नेमाने लिहिल्या जाणाऱ्या सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन या गोळीचं पेटंट भारतात २०२३ च्या सुरुवातीला संपलं, आणि आता ती आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही दुसरी गोळी, दोन्ही अनेक कंपन्या बनवतात. ज्या गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळाल्या त्या तिथून, उरलेल्या हॉस्पिटलच्याच दुकानातून दुसऱ्या कंपनीच्या. डॉक्टरांना प्रत्येक पाकीट दाखवून होकार घेतला. महिन्याचा खर्च १,२०० पर्यंत खाली आला. वहिनीच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार येतात, ते तिने त्याच दिवसापासून औषधाला लावले. गोळ्या बदलायच्या तर अशाच बदला, डॉक्टरांना विचारून. दुकानदार "तेच आहे" म्हणतो म्हणून नको.

जे मिळणार नाही तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि याचं मोल मला फार वाटतं. कुणीतरी आम्हाला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करा म्हणालं होतं. मॅडम म्हणाल्या, तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची आहे, तुमच्या हातात १,४४,००० चा दाखला आहे. त्या वाटेला गेलात तर भाडं जाईल आणि रजा जाईल. आमच्या कितीतरी चकरा त्या एका वाक्याने वाचल्या.

मिठाचंही असंच. आहारतज्ज्ञांनी छापील कागद दिला होता. पापड, लोणचं, फरसाण, खारवलेलं काही नको, मीठ मोजून. मॅडमनी वहिनीला विचारलं, "ताई, स्वयंपाक सगळ्यांचा एकत्रच ना? मग यांच्यापुरतं वेगळं कसं करणार?" वहिनी तोवर गप्प होती, तिथे बोलायला लागली. दोघींनी मिळून ठरवलं की भाजी शिजली की मीठ घालायच्या आधी दादाची वाटी काढून ठेवायची, भाकरीच्या पिठात मीठ घालायचंच नाही, आणि चवीला लिंबू, लसूण, कोथिंबीर. बाजारात कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ आणू नका, हे डॉक्टरांनी बजावलं. त्यात पोटॅशियम असतं, आणि दादाच्या गोळ्यांपैकी एक शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढवते. दुखण्यावरच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत. त्यांनी अंगात पाणी धरतं.

नऊशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा घेतला. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी, रोज वजन. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर थांबायचं नाही, फोन करायचा. पुतणीने वहीत तक्ता आखला. दिवसभरात पाणी, चहा, ताक, आमटी सगळं धरून दीड लिटर, हे दादाला डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असू शकतं.

मार्च

२ मार्चच्या रात्री दादा पुन्हा आयसीयूत. वहीत चार दिवस वजन वाढत गेलेलं दिसत होतं आणि शेवटचे दोन दिवस कोरे होते. राउंडला आलेले ज्युनिअर डॉक्टर दादाला म्हणाले, "गोळ्या चुकवल्यात ना? असं केलं तर कसं होणार?" दादाने मान खाली घातली. वहिनी रडायला लागली, की मी रोज समोर ठेवते आणि हे घेतो म्हणतात.

सोमवारी मॅडम आल्या. सोबत जानेवारीचा तो फॉर्म होता. त्यांनी आम्हा दोघींना बाहेर पाठवलं आणि बराच वेळ दादापाशी बसल्या. फॉर्मवर "टेम्पो, हप्ता दरमहा ९,२००, अजून दीड वर्ष" असं लिहिलेलं होतं. त्यांनी गोळ्यांबद्दल काही विचारलं नाही, हप्ता कोण भरतंय ते विचारलं. मग सगळं बाहेर आलं. दादा फेब्रुवारीच्या मध्यापासून वहिनीला "जरा चौकात जाऊन येतो" सांगून पुन्हा टेम्पो चालवत होता. अंगातलं पाणी काढणारी लघवीची गोळी घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. महामार्गावर माल घेऊन निघालेल्या माणसाने कुठे थांबायचं? म्हणून ज्या दिवशी गाडी, त्या दिवशी ती गोळी नाही. बाकीच्या गोळ्या तो इमानाने घेत होता.

कागदावर याला औषध न घेणारा पेशंट म्हणतात. मला राग येतो तो त्या शब्दाचा नाही, तर कारण न विचारता माणसाला खजील करण्याचा. दादा बेफिकीर नव्हता. तो घर चालवायचा प्रयत्न करत होता.

मॅडमनी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. मोठे डॉक्टर स्वतः आले आणि म्हणाले, ही गोळी सकाळीच घ्यायला हवी असं नाही, ज्या दिवशी बाहेर जायचं असेल त्या दिवशी परत आल्यावर दुपारी चारला घ्या, पण चुकवू नका, आणि रात्री उशिरा नको म्हणजे झोपमोड होणार नाही. कागदावर तसं लिहून दिलं. इतकी साधी गोष्ट. मात्र जड माल उचलणं बंद, आणि पुढच्या तपासणीपर्यंत गाडीही बंद, हेही सांगितलं.

हप्त्याचं काम जास्त वेळखाऊ होतं. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर आजाराचं प्रमाणपत्र आणि समाजसेवा विभागाचं पत्र घेऊन मी फायनान्स कंपनीत गेले. व्याज माफ झालं नाही. मुदत वाढवून हप्ता ६,३०० वर आला, तोही दोन वेळा नाही म्हटल्यावर आणि वरच्या साहेबांना लेखी अर्ज दिल्यावर. कर्ज घेताना कापलेला विमा आम्ही उघडून वाचला, त्यात हा आजार बसत नव्हता. तरी तो कागद वाचाच, काहींच्या पॉलिसीत गंभीर आजारांची यादी असते. टेम्पोवर गावातला एक मुलगा दिवसाच्या हिशोबाने ठेवला. दादा फोनवरून भाडी ठरवतो, हिशोब बघतो.

सोमवारच्या त्या भेटीत आणखी एक गोष्ट झाली. मॅडमनी दादाला सरळ विचारलं, रात्री झोप लागते का, मन कशात लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. दादा म्हणाला, हो, वाटतं कधीकधी. हे वाक्य त्याने आमच्यापैकी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी दाराबाहेर उभी होते आणि पाय जमिनीला खिळले. मॅडम आम्हाला म्हणाल्या, या आजारात असं बऱ्याच जणांचं होतं, याला मनाचा कमकुवतपणा समजू नका, विचारल्याने वाईट विचार वाढत नाही, उलट माणूस बोलतो. डॉक्टरांशी बोलून त्याच आठवड्यात मानसोपचार विभागात दाखवलं. हृदयाच्या गोळ्यांना चालेल असं औषध सुरू झालं. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दादाच्या मोबाइलमध्ये त्यांनी स्वतः टाकून दिला. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

वहिनीलाही त्यांनी एकटीला बोलावलं. काय बोलल्या ते वहिनीने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच दिसलं की त्यानंतर आठवड्यातला एक दिवस मी भोरला जायचं आणि वहिनीने माहेरी किंवा कुठेही जायचं, हे तिने स्वतःहून मांडलं.

दुसऱ्या वेळचं बिलही निधीतून गेलं, कारण जानेवारीतला दाखला ३१ मार्चपर्यंत चालणारा होता. आठवडाभर उशिरा डिस्चार्ज मिळाला असता तरी चाललं असतं, पण एप्रिल उजाडला असता तर नाही. म्हणून मॅडमनी सांगितलं तसं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, काही गरज नसताना, नवा दाखला काढून ठेवला. दीर्घ आजार असलेल्या प्रत्येक घराने हे दर एप्रिलला करावं.

एप्रिल ते जून

ओपीडी गुरुवारी. महिन्यातून एकदा, गोळ्यांचे डोस वाढवायला. त्याबरोबर किडनी आणि पोटॅशियमची रक्ततपासणी, जी निधीतून व्हायची. भोरहून येताना वहिनीला एसटीत महिलांचं अर्धं तिकीट, दादाचं पूर्ण. नंबर लागायला तीन-साडेतीन तास. बाहेरचं खाणं म्हणजे मीठच, त्यामुळे डबा घेऊन जायचा. त्याच दिवशी दुपारी समाजसेवा विभाग हार्ट फेल्युअरच्या पेशंटना एकत्र बसवतो. दादा पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून बसला होता. दुसऱ्या वेळी एका निवृत्त कंडक्टरने, गोळी घेऊन एसटीत बसायचं कसं, हा विषय काढला आणि दादा तासभर बोलत राहिला.

मॅडमबद्दल मी नंतर थोडी माहिती काढली. समाजकार्यात पदव्युत्तर पदवी म्हणजे एमएसडब्ल्यू, त्यावरून ते नाव. सरकारी रुग्णालयांत याच पदाला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. देशातलं असं पहिलं पद मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये भरलं गेलं. जवळजवळ ऐंशी वर्षं हे काम चालू आहे आणि तरी बहुतेक नातेवाइकांना त्या खोलीचा पत्ता एखाद्या सिस्टरच्या दयेने कळतो. तातडीच्या विभागात डिपॉझिटच्या पाटीशेजारी या खोलीचीही पाटी हवी. एका मॅडमच्या टेबलावर इतक्या फायली, त्यातून त्या वॉर्डात येऊन पेशंटशी बोलतात हेच नवल.

आयसीडीची वेळ आलीच तर काय, याची तयारी त्यांनी मे महिन्यातच सुरू करून दिली होती. आमचं हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाही. केशरी कार्डामुळे दादा त्या योजनेत बसतो, वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. त्यासाठी योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात जावं लागतं, तिथे योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, आणि उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते. १५५३८८ वर फोन केला की जवळची रुग्णालयं सांगतात. आपल्याला सांगितलेलं यंत्र किंवा उपचार योजनेच्या यादीत आहे का, हे मात्र दाखल व्हायच्या आधीच आरोग्यमित्राकडून खात्री करून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी लागणारं अंदाजपत्रक आणि इतर कागदही मॅडमनी एका वेगळ्या पाकिटात लावून दिले.

२६ जूनला इको झाला. इजेक्शन फ्रॅक्शन ३८. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. यंत्राची आत्ता गरज नाही, गोळ्या मात्र चालूच, सुधारलं म्हणून एकही बंद करायची नाही. दादाने लगेच विचारलं, गाडी? डॉक्टर म्हणाले, जवळच्या फेऱ्या, माल उचलायचा नाही, गोळी चारला. आम्ही खाली बिलाच्या खिडकीशेजारी गेलो. मॅडमपुढे एक बाई रडत बसली होती, म्हणून आत न जाता रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आकडा वाचला, दादाकडे बघून मान हलवली आणि फॉर्मवर काहीतरी लिहून घेतलं.

पुढचा इको डिसेंबर २०२५ मध्ये ठरला. नवा दाखला ३१ मार्च २०२६ पर्यंतचा होता.